दोन दालनांमधला गाडा

मित्रांनो, लोखंडी चौकट, तीन फळ्या आणि चार चाके एवढाच माझा संसार. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातला जुना पुस्तकगाडा आहे. मला घडवताना मिस्त्रींनी प्रत्येक काटकोन तीनदा तपासला होता. म्हणून मी आजही ताठ आहे. कुरकुरते ते फक्त मागचे डावे चाक.

वरच्या मजल्यावर ख्रिस्ती धर्मशास्त्राचे दालन. त्याचे प्रमुख धर्मशास्त्राचे सर. खालच्या मजल्यावर संस्कृतिसमीक्षा, म्हणजे सत्ता कोणाच्या हाती आहे आणि आवाज कोणाचा दाबला जातो, हे तपासणारी विद्या. तिथल्या प्रमुख समीक्षेच्या बाई, सरांच्या सख्ख्या थोरल्या बहीण. सर श्रद्धाळू, बाई नास्तिक, दोघेही हट्टी. एका दालनाचे पुस्तक दुसरीकडे जातच नसे. त्यामुळे कित्येक वर्षे माझ्यावर फक्त ओल्या छत्र्या वाळत.

एके दिवशी माझ्या फळीवर एक प्रबंध आला. तो लिहिला होता रुग्णालयातल्या एका परिचारिकेने. विषय असा: येशूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा सत्तेचे काय झाले? प्रबंधाचे दालन ठरून तिथल्या प्रमुखांची सही झाल्याशिवाय तोंडी परीक्षा नाही, असा नियम होता. सहीची मुदत शनिवारी संपणार होती. ती हुकली, तर तिची सहा वर्षांची मेहनत वाया जाणार होती.

"यात देव फार आहे. वर पाठवा," अशी चिठ्ठी बाईंनी लावली. मी लिफ्टने वर गेलो.

"यात सत्तेची चिकित्सा फार आहे. ताई, हे तुझ्याकडचं," ही सरांची चिठ्ठी घेऊन मी खाली आलो.

बाईंनी धाकट्या भावाला पुढची चिठ्ठी लावली, "पाय धुऊनही गुरू गुरूच राहिला ना? मग बदललं काय? बाळ्या, भावनेत वाहू नकोस."

"पान चौसष्ट वाच. एक शिष्य पाय धुऊन घ्यायलाच तयार नव्हता. का?"

"वाचलं. उतरंड मोडू नये असं खालच्यालाही वाटतं म्हणून! हे मला सुचलं नव्हतं. पण तुमच्या चर्चमध्ये ती पुन्हा रचली कुणी?"

"आम्हीच. लागलं, पण खरं आहे."

अशा माझ्या अकरा फेऱ्या झाल्या. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता! सही मात्र कोणीच केली नाही.

शुक्रवारी दुपारी परिचारिका आली. चिठ्ठ्या क्रमाने वाचून ती हसत सुटली आणि तिने दोघांनाही बोलावून घेतले.

"तुम्ही तर माझी परीक्षा मला न बोलावताच उरकलीत! पण पाय धुणाऱ्या बाईला कुणी काही विचारलंत का?"

"सांगा ना," सर ओशाळून म्हणाले.

"बावीस वर्षं रुग्णांचे पाय धुतेय. आधी विचारावं लागतं, पाणी सोसतंय का. नाहीतर सेवेचीसुद्धा दादागिरी होते."

"घे बाळ्या," बाई म्हणाल्या, "आता तुझ्या देवालाही आधी विचारावं लागणार."

"त्यानं विचारलंही असेल, ताई. लिहून ठेवणारेच विसरले असतील."

"अरे, हे तर माझ्या दालनातलं वाक्य!"

बाईंनी नोंदवही ओढली, 'ठिकाण' या रकान्यात 'गाडा' असे लिहिले आणि सही केली. शेजारी सरांनीही केली. सोमवारी परिचारिका परीक्षा उत्तीर्ण झाली. तो प्रबंध चिठ्ठ्यांसकट माझ्या मधल्या फळीवर आहे, आणि आता त्याला शेजारीही पुष्कळ मिळाले आहेत.

मित्रांनो, मला पुन्हा कोपऱ्यात उभे करू नका. महिन्यातून एकदा चाकांना तेल द्या. त्या मागच्या डाव्या चाकाला मात्र एकच थेंब पुरे. त्याची कुरकुर ऐकू आली, की वर सर आणि खाली बाई चिठ्ठीसाठी कागद शोधू लागतात.