हळदीच्या फडक्यातली बाई

उधन्यातल्या आमच्या मिलकामगारांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यांवर, जिन्यांवर, उभ्या टेम्पोच्या टपावरही माणसं. मधोमध ललित मांडी घालून बसलेला, हातात हळदीनं रंगवलेलं पिवळं फडकं. कामरेजहून आलेल्या भगतानं तांब्यातलं 'तापीमातेचं पाणी' त्यावर शिंपडलं आणि फडकं लालभडक झालं!

"माय वं!" ललितची आई प्रमिलाबाई रडू लागल्या, "मना पोऱ्याले कोन लागनं वं!"

"औरत बैठी है अंदर!" भगत गरजला. "म्हणून याला लग्न नको, म्हणून याला पुरुष आवडतो. डाग दिले की पळालीच समजा. मग लिंबू पिळतो. फडकं पुन्हा पिवळं झालं की लावा नवरदेवाला हळद!"

बाजूला शेगडीवर विळा तापत होता.

मी शाळामास्तर. देव दारात आला तरी आधी त्याचं आधारकार्ड मागेन, असा माझा स्वभाव. लिंबाच्या चार थेंबांना भिणारी ही कसली हडळ? मी ललितच्या कानाशी वाकलो. "तुला हे पटतं?"

"भूतच निघू दे, सर," तो पुटपुटला. "भूत असलं तर निघून तरी जाईल. आई रोज रडते."

भगताचा राग आलाच, पण त्याहून जास्त आम्हा गल्लीकरांचा आला.

"महाराज, हेच पाणी धर्मेंद्रवर शिंपडा," मी म्हणालो. धर्मेंद्र ललितचा थोरला भाऊ, दोन लेकरांचा बाप.

"उसको कुछ नहीं है!"

"मग फडकं पिवळंच राहील की!"

भगत तांब्या सोडेना. मी तो ओढून घेतला आणि धर्मेंद्रच्या हातात भगताच्याच पिशवीतलं हळदीचं दुसरं फडकं देऊन त्यावर पाणी शिंपडलं. लाल! आणखी थोडे थेंब भगताच्या कपाळावरच्या हळदीवर उडवले. तीही लाल!

"महाराज, तुमच्यात कोण बसली आहे?" मी विचारलं. गल्ली खो खो हसली.

ललितचे वडील भिकनभाऊ पुढे आले. सगळी उमर डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाकीवर गेलेली. त्यांनी तांब्यात बोटं बुडवून चोळली. पाणी बुळबुळीत होतं.

"हाई तं सोडा शे," ते म्हणाले. "रोज याच पानीमा हात घालस मी. आन मालेच समजनं नही!"

कसं समजणार? मिलमध्ये रंग बिघडला की आपण कारण शोधतो, घरात बिघडला की भगत शोधतो. धुण्याच्या सोड्यानं हळद लाल होते आणि लिंबाच्या आंबटानं परत पिवळी. चमत्कार एवढाच. भगतानं तेवढ्यात चपलाही न घालता पळ काढला.

"मग माझ्यात कोण आहे, सर?" ललितनं विचारलं.

"तूच आहेस. पुरुषाला पुरुष आवडला म्हणून त्याच्या आत बाई बसलेली नसते. हा आजार नाही, असं मानसशास्त्रही सांगतं. मग डाग देऊन जाणार काय?"

प्रमिलाबाईंना सगळं पटलं असेल, असं मी म्हणणार नाही. भिकनभाऊंनी मात्र उरलेलं पाणी तापल्या विळ्यावर ओतलं. "ऊठ पोऱ्या," ते म्हणाले, "जेवाले चाल."

वाचकहो, तुमच्याही गल्लीत असा तांब्या येईल. लेकराला पुढे बसवण्याआधी तेच पाणी स्वतःच्या फडक्यावर शिंपडून पाहा.