दुसऱ्या विषयाचा रकाना

कॉलेजच्या अर्जात पहिल्या विषयापुढे रसायनशास्त्र लिहून झालं होतं. दुसऱ्या विषयाचा रकाना आठवडाभर कोराच होता आणि अर्ज द्यायची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. त्या एवढ्याशा रकान्यापायी धाकटीची अन्नावरची वासना उडाली होती.

आईचं म्हणणं, संगणक घे. थोरल्या भावाने तोच घेतला आणि शिक्षण संपताच पायावर उभा राहिला. धाकटीच्या मनात होतं तत्त्वज्ञान. कॉलेज पाहायला गेली तेव्हा ती सहज म्हणून एका तासाला जाऊन बसली होती. तिथल्या बाईंनी पाऊण तास एकाच प्रश्नाचा कीस पाडला आणि उत्तर न देताच चालत्या झाल्या. धाकटीला आधी राग आला, मग तीन दिवस दुसरं काही सुचेना.

घरी तिने हे एकदाच सांगितलं, तेही चाचरत. त्याने पोट भरतं का, असं आईने विचारलं. बाबा उठून खालच्या, घरच्याच चष्म्याच्या दुकानात काचा घासायला गेले. घरात वाद पेटायची चिन्हं दिसली की बाबांना नेमक्या काचा घासायच्या असतात. मग धाकटीनेच पडतं घेतलं आणि संगणक घेते म्हणाली. आजवर तिने हेच केलं होतं. समोरच्याला कोणतं उत्तर हवंय ते ओळखायचं आणि देऊन मोकळं व्हायचं. मार्क त्यावरच मिळवले होते, गुणी मुलगी हे नावसुद्धा. फक्त ते उत्तर लिहायला या वेळी हात धजत नव्हता.

दुपारी ती अर्ज घेऊन दुकानात आली. तिथे गिऱ्हाइकांचे डोळे आईच तपासायची. तिचं डोकं दुखतंय हे कळताच आईने तिला तपासायच्या खुर्चीत बसवलं. काचा बदलून बघायची ती जड चौकट तिच्या नाकावर चढवली आणि समोरच्या अक्षरांकडे बघायला सांगितलं. एक काच लावली, काढली, पुन्हा लावली.

"पहिली बरी की दुसरी?"

"दुसरी. जास्त स्पष्ट दिसतंय."

आईचा हात थांबला. डोळे तपासायला आलेली माणसं परीक्षेला बसल्यासारखी घाबरतात आणि तपासणाऱ्याच्या मर्जीसाठी काहीबाही सांगतात. म्हणून आई मध्येच एकच काच दोनदा दाखवायची. लहानपणापासून धाकटीने कितीतरी गिऱ्हाइकं यात सापडताना पाहिली होती, वर तोंडावर हात ठेवून हसली होती. आज तीच सापडली.

"एकच काच होती," आई म्हणाली. "संगणकाचंही असंच का गं?"

धाकटीचे कान लाल झाले. खोटं बोलायला आता तोंड उरलं नव्हतं.

"हो."

मागच्या खोलीतलं काचा घासायचं मशीन बंद झालं. बाबा कान देऊन ऐकत होते हे उघडच होतं.

"मग खरं काय ते सांग. मला आवडो न आवडो."

"तत्त्वज्ञान. मला जमेल की नाही, माहीत नाही. पण आई, त्या तासाला मला उत्तर येत नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याची भीती वाटली नाही."

आई टेबलावरच्या काचा एकेक पुसून खोक्यात ठेवत राहिली. धाकटीचा जीव टांगणीला लागला.

"मला पटलेलं नाही," शेवटी आई म्हणाली. "काळजी वाटणार, आणि मी ती बोलूनही दाखवणार. पण काळजी माझी आहे. तुझ्या अर्जात तिच्यासाठी जागा नाही." तिने खिशातलं पेन पुढे केलं.

धाकटीने मांडीवरच अर्ज ठेवून तत्त्वज्ञान असं ठळक लिहिलं. एवढा आनंद तिला पहिल्या नंबरानेही कधी झाला नव्हता. चार वाजून गेले होते. ती तशीच दाराकडे धावली.

"अगं, ती चौकट तरी काढून जा," आई मागून म्हणाली. "आणि उद्या पुन्हा ये डोळे तपासायला. तुझी आजची सगळी उत्तरं बाद."