स्कार्वविकच्या सातजणी

गुन्वोरने रेघा मारायचं गाडं गोलपोस्टपाशी थांबवलं आणि मागे वळून पाहिलं. रेघ मधेच वाकली होती, कोपऱ्याकडे जाता जाता तर चक्क समुद्राकडे झुकली होती. पुसून नव्याने मारावी असं तिच्या मनात आलं, पण डब्यातला पांढरा रंग संपत आला होता आणि पाहुण्यांची फेरीबोट साडेअकराला लागणार होती.

"ही रेघ आहे की खेकडा चालत गेलाय?" संघातल्या तिरिलने गाडीतून उतरता उतरता विचारलं. तिच्या एका हातात वाफलच्या पिठाची बादली होती आणि कडेवर दोन वर्षांची लेक.

"खेकड्याला तरी बोट लागायच्या आत रेघ संपवायची नसते," गुन्वोर म्हणाली. "आज किती जणी?"

"सहा. माइकेन मेंढ्या खाली आणायला डोंगरावर गेलीय."

"आजच?"

"मेंढ्यांना आपलं वेळापत्रक पाठवायचं राहिलं बघ."

सहा म्हणजे एक कमी. स्कार्वविकचा बायकांचा फुटबॉलसंघ सातजणींचा, तोही कसाबसा. शिकायला गेलेल्या पोरी परत येत नाहीत आणि राहिलेल्यांना पोरंबाळं होतात, असा सगळा मामला. गुन्वोर एकोणपन्नास वर्षांची. गोलकीपर तीच, संघ जमवणारीही तीच. आदल्या दिवसापासून फोन करून एकेकीच्या मागे लागायचं कामही तिचंच, आणि ते ती न कंटाळता करायची.

कंटाळून चालणार नव्हतं. चार वर्षांपूर्वी नवरा आर्नफिन गेला, मुलगा ऑस्लोत. तो रविवारी फोन करायचा, सगळं ठीक ना म्हणून विचारायचा; ती ठीक म्हणायची आणि चार मिनिटांत बोलणं संपायचं. कामावर ती धक्क्याजवळच्या खोलीत पडद्यांसमोर एकटी बसून समुद्रातल्या पिंजऱ्यांमधल्या साल्मनना खाद्य सोडायची. लाखभर मासे, पण बोलायला एक नाही. मंगळवारचा सराव आणि शनिवारचा सामना नसता, तर आठवडाभर तिला नावाने हाक मारणारं माणूस भेटलं नसतं. हे तिला ठाऊक होतं आणि ते आठवलं की ती लगेच पुढचा फोन लावायची.

आज सामन्यानंतर क्लबची बैठक होती. पुढच्या वर्षी कुठले संघ उतरवायचे हे ठरवून अध्यक्ष ऑडव्हार स्पर्धेच्या कार्यालयाला नावं कळवणार होते. निदान आठ नावं हवी होती. गुन्वोरच्या खिशातल्या कागदावर सात होती आणि चर्चमध्ये नव्याने आलेल्या पाद्रीणबाईंनी विचार करते म्हटलं होतं.

"पुढच्या वर्षी तुझं नाव धरते हं," ती तिरिलला म्हणाली.

तिरिलने लेकीची टोपी सारखी केली. ती आधीच सारखी होती.

"हो, धर ना. धर की."

लाउव्हनेसचा पाहुणा संघ आला तो नऊजणींचा. समोर सहाच उभ्या आहेत हे पाहून त्यांच्या कप्तानाने न बोलता मैदानात उतरलेल्या सातजणींतली एक बाई बाहेर बसवली. इकडे तसंच करतात. त्यावर कोणी आभार मानत नाही, कारण उद्या आपल्यावरही तीच पाळी येते. पाऊस आडवा येत होता. स्कार्वविक पाच-एकने हरलं, पण शेवटच्या मिनिटाला गुन्वोरने डावीकडे झेप घेऊन एक चेंडू असा काही बाहेर घालवला की तिरिल ओरडली, "म्हातारे, हाडं मोजून घे गं!" सगळ्याजणी हसल्या. चिखलात आडवी पडलेली गुन्वोरही हसली. त्या घटकेला तिला दुसरं काही नको होतं.

मग अंगावर रेनकोट चढवून, टोपी घालून ती क्लबच्या वाफल विकायच्या खिडकीत उभी राहिली. सामना संपला की खेळाडूंपैकीच कोणीतरी ते बघायचं, आणि ते बहुतेक वेळा तीच बघायची. लाउव्हनेसच्या संघाची बस फेरीबोटीवरून घेऊन आलेली एक जाडसर बाई हात चोळत आली.

"दोन दे. मी आपली बसमध्येच बसून होते, या पावसात कोण उतरणार? पण तुमच्या पोरींचं मला भारी कौतुक वाटतं."

"हरल्याबद्दल?"

"छे गं. तिरिल माझी मावसबहीण." बाईने आवाज थोडा खाली आणला. "तीन वर्षं झाली, सोडायचं म्हणताहेत सगळ्या. कुणाचं लेकरू लहान, कुणाचा गोठा. जीव नुसता मेटाकुटीला आलाय. पण तुमच्या त्या गोलकीपरचा नवरा गेला ना? संघ मोडला तर ती बिचारी अगदी एकटी पडेल, म्हणून आळीपाळीने येतात. या वेळी कोण खेळायला जाणार, कोण घरी राहणार हे आपसात आधी ठरवतात म्हणे. सहाच्या खाली जायचं नाही, एवढं पक्कं." तिने खिडकीतून आत डोकावून पाहिलं. "कुठली गं ती?"

गुन्वोरने गरम वाफलवर तपकिरी चीजचा काप ठेवला, मग दुसऱ्यावर ठेवला.

"ती आज आली नाही," ती म्हणाली. "जॅम हवा?"

बाई गेल्यावर तिने वाफलचं यंत्र पुसलं. मग पुन्हा पुसलं. तीन वर्षांत आकडा कधी सहाच्या खाली गेला नव्हता, आणि हे आपल्या फोनांचं यश असं ती मानत आली होती. मुलाला तिने एकदा अभिमानाने सांगितलंही होतं. आता राग कोणाचा यावा हेच कळेना. इतकं चांगलं तिच्याशी कोणी वागलं नव्हतं, आणि इतकं लाजिरवाणंही तिला कधी वाटलं नव्हतं.

बैठकीत कॉफी फिरली. ऑडव्हारनी मुलांचे दोन संघ लिहून घेतले, चष्मा वर केला.

"बायकांचा?"

एकजण कपात बघत होती, एकजण नखाखालचा चिखल काढत होती. मेंढ्या आटोपून धापा टाकत आलेली माइकेन दाराशीच उभी होती. मग तिरिलने श्वास घेतला.

"आहोत आम्ही," ती म्हणाली. "गुन्वोरने नावं जमवलीत, कमी पडेल ते मी बघते."

गुन्वोर नुसती गप्प बसली असती तरी आणखी एक वर्ष मिळणार होतं. चाळीस मंगळवार, वीसेक शनिवार. तिने खिशात हात घातला. कागद बोटांना लागला, तो तिने तिथेच राहू दिला.

"माझं नाव नको," ती म्हणाली. "गुडघा बोलतोय. आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आलाय."

"खरंच?" तिरिलने विचारलं. जरा घाईनेच.

"खरंच. दुसरी कोणी गोलमध्ये उभी राहणार असेल तर बघा."

कोणीच उभी राहणार नव्हती. ऑडव्हारनी कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि छपराच्या गळतीचा विषय काढला. टेबलाभोवती खुर्च्या हलल्या. हळूहळू पोरी बोलू लागल्या, शनिवारी पोहायला जाण्याबद्दल, आईकडे जाण्याबद्दल, नुसतं झोपण्याबद्दल. माइकेन कशावर तरी मोठ्याने हसली. असा मोकळा आवाज गुन्वोरने या खोलीत कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

बाहेर पाऊस थांबला होता. तिरिल लेकीला गाडीत बसवून परत आली आणि तिने गुन्वोरला घट्ट मिठी मारली.

"तुला वाईट नाही ना वाटणार?"

"मला?" गुन्वोर म्हणाली. "अगं, मी तुमच्यासाठीच तर रेटत होते. म्हटलं, मी सोडलं तर पोरी हिरमुसतील."

तिरिल आधी तिच्याकडे बघत राहिली, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"देवा. आणि आम्हाला वाटत होतं की…"

"काय वाटत होतं?"

"काही नाही गं. काही नाही."

गाडीतून लेकीने आईला हाक मारली. तिरिलने वळता वळता हात हलवला आणि ती डबकी तुडवत धावत सुटली. तीन वर्षांत मैदानावर ती एवढ्या वेगाने कधी पळाली नव्हती.