हळदीचे कुंकू करणारा चिखल

भर वैशाखात, गावातले आड तळाला गेलेले असताना, नांदूरघाटच्या गंगासागरबाईंच्या परसात चिखल उकळत होता. तात्याबा महाराजांनी पेटता कापूर पुढे धरला मात्र, बुडबुड्यांवर पिवळी, काजळी सोडणारी ज्योत उभी राहिली. शे-दीडशे माणसे एकदम मागे सरली आणि तितक्याच घाईने पुन्हा पुढे रेटली.

"पाण्याच्या देवी, सातीच्या साती आसरा, चिखलाच्या पालखीत बसल्या!" महाराज गरजले. "टाका हळद! जिचं कुंकू पक्कं, तिची हळद लाल!"

शेजारच्या छबुबाईने चिमूट सोडली. चिखलावरच्या पाण्याला लागताच हळद लालभडक झाली.

"झालं गं बाई कुंकू! माझं कुंकू पक्कं हाय!"

"तुजं म्हातारं शंभरी गाठतंय आता. बस खोकला ऐकत!" मागून कोणीतरी म्हणाले आणि बायका हसल्या.

ते हसू विरायच्या आत गंगासागरबाईंची सून स्वप्नाली खाली कोसळली. हातपाय ताठले, झटके सुरू झाले, आणि तिचा चेहरा चिखलात रुतला.

"अंगात आल्या! आसरा आल्या!" बायकांनी हात जोडले. स्वप्नालीचा नवरा अमरनाथ याने तर डोळेच मिटले. "हात लावायचा न्हाई कुनी! सख्या खेळत्यात!" महाराजांनी बजावले.

पासष्ट वर्षांच्या गंगासागरबाई त्या गर्दीतून कशा शिरल्या, ते त्यांनाही नंतर सांगता आले नाही. त्यांनी सुनेला कुशीवर वळवले, नाकातोंडातला चिखल बोटांनी पुसला, गळ्याशी आवळलेले मंगळसूत्र सैल केले. कोणीतरी नाकाशी कांदा धरला, तो त्यांनी भिरकावून दिला. दोन मिनिटांनी झटके थांबले, घरघरता श्वास सुरू झाला. तोवर चौघीजणी त्या बेशुद्ध पोरीच्या पाया पडून गेल्या होत्या.

"चार वाजता शेवटची ओटी," महाराज निघताना म्हणाले. "सूनबाईला कमरेइतकं चिखलात बसवू. आसरा तिला कायमच्या सोडतील."

खरे म्हणजे त्या परसात आसरांचे काही नव्हते. दोन वर्षांपूर्वी गंगासागरबाईंनी स्वतः उभे राहून तिथे तीन हात लांब, दोन हात खोल खड्डा घेतला होता. शेततळ्याच्या प्लॅस्टिक कागदाचा उरलेला तुकडा त्यात अंथरला, पाणी साचून कुजू नये म्हणून कडेला चार भोके पाडली, वर शेणखत आणि गाळाची माती भरली. भांडी विसळल्याचे पाणी नळीने त्यात सोडले. वेखंड, ब्राह्मी, अळू, कर्दळ अशी सदा ओल मागणारी झाडे तिथे अशी माजली, की केजहून लोक बघायला येत. बाई प्रत्येकाला कागद उचकटून दाखवीत. हे सारे माहीत असूनही, पंधरवड्यापूर्वी गावात आलेल्या महाराजांनी तिथे आसरांचा वास असल्याचे जाहीर केले तेव्हा गाव त्यांच्या बाजूने गेले.

"अहो, भांड्यांचं पाणी हाय ते!" बाईंनी सांगून पाहिले.

"आक्का, आसरांनी तुमच्या हातून करून घेतलं. तुमाला कळलं न्हाई, इतकंच."

 'गंगासागरबाईंच्या घरी देवी आली' हे वाक्य पहिले दोन दिवस कानाला गोडही लागले होते. ती गोडी आता त्यांच्या घशाशी आली.

स्वप्नालीला अंथरुणावर टेकवून त्यांनी औषधाचा डबा उघडला. लग्नाआधीपासून तिला फिट येत. पण रोजच्या दोन गोळ्यांवर तीन वर्षे एकही आली नव्हती. डब्यातल्या गोळ्यांची पाकिटे जशीच्या तशी होती.

"किती दिवस झाले?"

"अकरा," स्वप्नाली क्षीण आवाजात म्हणाली.

"कावून? आत्ता घे. माझ्यासमोर घे."

"न्हाई अत्या." तिने ओठ घट्ट मिटले. मग डोळे भरून आले. "पहिल्या दिवशी माझी हळद पिवळीच राहिली होती. महाराज म्हणले, आसरांना गोळी चालत न्हाई. गोळी खाशील तर नवरा जाईल. गोळी सोडली, दुसऱ्या दिवशी टाकली, तर लाल झाली. डोळ्यानं बघितलं मी. मला काय व्हायचं ते होऊ द्या. ह्यांना काही व्हायला नको."

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या अशा अचानक थांबवल्या तर फिट एकामागून एक येऊन जीव जाऊ शकतो, आजच घेऊन या, असे डॉक्टर म्हणाले. अमरनाथ गाडीची किल्ली खिशात घालून उभा राहिला. "ओटी झाल्यावर जाऊ, आई. चार वाजेपर्यंत काय होत न्हाई." वडील शिवलिंगप्पा गेल्यापासून दुकान एकट्याने सांभाळणारा हा शहाणा मुलगा, बायकोच्या भल्यासाठीच तो तिला मरणाच्या तोंडी देत होता.  

गावभर हुकूम चालवणाऱ्या बाई पोटच्या मुलाला वळवू शकल्या नाहीत; त्या परसात येऊन उभ्या राहिल्या. वेखंडाची पाती पिवळी पडली होती. एक रोप उपटले, तर मुळांवर पांढरा लगदा. तेवढ्यात फळांची गाडी लावणारी जैनबबी अळूची पाने न्यायला मागच्या दाराने आली आणि नाकाला पदर लावून थबकली.

"आक्का, बुरा मानू नका. पण ही कार्बाइडची बू हाय."

"कसली?"

"आंबे पिकवायची पुडी. बंदी हाय त्याच्यावर. आमचे मालक होते तवा आढीत टाकीत. एकदा पावसात भिजली, तर असंच खदखदलं, अन् बिडीनं भडकाच उडाला. मिशी जळाली त्यांची. मागं खाली काय उरतं ठाऊक? चुना. निव्वळ चुना."

गंगासागरबाई हातातल्या मुळाकडे पाहतच राहिल्या. हळद आणि चुना! पाय मुरगळला की या गावातली प्रत्येक बाई हाच लेप कालवते. कालवताना तो लाल होतो, हे पाचवीतल्या पोरीलाही ठाऊक. आणि त्याच बायका अकरा दिवस तोच लाल रंग पाहून नवऱ्याच्या आयुष्यासाठी हात जोडत होत्या. आपणही ते नुसते बघत होतो, हे आठवून त्यांना लाज वाटली.

चार वाजता परस फुलून गेला. महाराजांनी ताटातला राखेचा गोळा उचलला. रोज तो 'भस्मगोळा' चिखलात दाबला जाई आणि मगच चिखल उकळे. स्वप्नालीला दोघींनी धरून आणले होते.

"थांबा," गंगासागरबाई म्हणाल्या. कोणाला काही कळायच्या आत गोळा त्यांच्या हातात होता.

"बाई! भस्म होशील!"

"माझ्या घरात आहात. अहोजाहो करा."

त्यांनी नळाच्या पाण्याने भरलेली बादली सर्वांसमोर ओढली आणि गोळा तिच्यात सोडला. वरची राख सुटली आणि आतले करडे खडे उघडे पडले. मग बादली फसफसू लागली. बाईंनी माणसे मागे सारली, लांब बांबूच्या टोकाला बांधलेली पेटती वात पाण्यावर नेली. भक्कन तीच पिवळी ज्योत, तीच काजळी.

"ही माझी धुण्याची बादली. आसरा हिच्यात कधी उतरल्या? महाराजांना विचारा."  ज्योत विझल्यावर बादलीत दुधासारखे पांढरे पाणी उरले. "छबु, हळद टाक."

छबुबाईने टाकली. लाल.

"नातवाचा पाय मुरगळला तवा काय लावलंस?"

"हळद-चुना."

"रंग कुठला आला?"

छबुबाईचे तोंड उघडे राहिले. "अगं बया... लाल!"

"पहिल्या दिवशी गोळा टाकायच्या आधी हळद टाकायला लावली, म्हणून माझ्या सुनेची पिवळी राहिली. दुसऱ्या दिवशी गोळ्यानंतर. तिनं गोळी सोडली म्हणून रंग बदलला न्हाई; ह्यांनी आंब्याची कार्बाइड टाकून चुना केला म्हणून बदलला."

"श्रद्धेत खोट हाय! प्रकोप होईल!" महाराज ओरडले, पण आवाज दरवाजाकडे सरकत होता. दोघा-तिघांनी त्यांना तिथेच बसवले आणि पोलिसांना फोन लावला. अशा फसवणुकीविरुद्ध कायदा आहे, हे त्यांच्यातल्या एकाला ठाऊक होते. तरीही एक म्हातारी वाकून चिखलाची चिमूट पदरात बांधत होती. गंगासागरबाईंनी ते पाहिले आणि त्यांचे मन पुन्हा जड झाले.

जैनबबीने पाण्याचा तांब्या पुढे केला. स्वप्नालीने आधी नवऱ्याकडे, मग बादलीकडे पाहिले, आणि गोळी गिळली. अमरनाथने तिला आधार देऊन गाडीत बसवले.

"माझ्यावर राग हाय का?" त्याने हळूच विचारले.

"मी पडते तवा मला काहीच कळत न्हाई," ती म्हणाली. "तुमाला तर कळत होतं."

अमरनाथने खिशातून किल्ली काढली. गंगासागरबाई गाडीत चढता चढता थांबल्या आणि जमलेल्या माणसांकडे वळल्या.

"चूक माझीपण हाय. माझ्या घरी देवी आली म्हणताना मला बरं वाटलं, म्हणून मी गप्प बसले. अन् माझी सून चिखलात तोंड खुपसून पडली. उद्या दुसरा कोणी येईल, दुसरं काही पेटवून दाखवील. तवा हात जोडायच्या आधी विचारा: हे कशानं झालं? तेच माझ्या बादलीत करून दाखवता का? अन् कोणी औषध सोडा म्हणाला, तर त्याला दारातून आत घेऊ नका. मग तो माझा मुलगा असला तरी."

गाडी दवाखान्याच्या रस्त्याला लागली.