डाव्या खांद्याची फॅशन

थोरलीचा डावा खांदा जन्मापासून दोन बोटं खाली. गल्लीत तिला नाव एकच, वाकडी. धाकटी बहीण तिच्या प्रत्येक झग्यात डाव्या बाजूला कापसाची गादी शिवून द्यायची, पण लोकांचे डोळे काय, नको तिथेच जाणार!

धाकटी एका बड्या डिझायनरबाईंच्या कारखान्यात नमुन्याचे कपडे शिवायची. बाई तयार कपड्यांच्या धंद्यात नव्यानेच उतरल्या होत्या. ऐन घाईत मापाचा पुतळा मोडला, तेव्हा धाकटीने थोरलीलाच स्टुलावर उभं केलं आणि तिच्या अंगावर झगा बेतला. गादी घालायची मात्र विसरली. त्याच मापावर हजारो झगे कापले गेले आणि दुकानांत पोचलेसुद्धा.

"ताई, माझी नोकरी गेली गं!" धाकटी रडकुंडीला आली.

नोकरी जाते कसली! झगे हातोहात खपले. अंगावर धड बसेनात, पण एवढा महागाचा झगा चुकेल कसा? चूक आपल्या खांद्याचीच, असं बायकांनी ठरवून टाकलं. खांदा पाडायचे क्लास निघाले. बँकेतली कॅशियर, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळ्या डावीकडे कलून चालू लागल्या. दातांच्या डॉक्टरीणबाई तर कलूनच दात उपटायच्या, आणि कधीमधी शेजारचाच दात हाती यायचा.

थोरलीने तो झगा गादीशिवाय घातला. सुरकुती म्हणून नाही! आरशासमोरून तिचा पाय निघेना. रस्त्यात बायका अडवून विचारायच्या, "अहो, तुमचा क्लास कोणता?" बिचारी सुखावून जायची. का नाही सुखावणार?

पण फॅशनच ती. पुढच्या हंगामात डिझायनरबाईंनी झग्याच्या मापाचा कागद उलटा टाकला. आता उजवा खांदा खाली. बघता बघता सगळं गाव उजवीकडे कललं, आणि थोरली तेवढी डावीकडे राहिली.

एके संध्याकाळी ती घरी आली ती डोळे भरूनच. धाकटीने हातातलं शिवण बाजूला टाकलं.

"कोणी बोललं का गं?"

"नाक्यावर सगळ्या हसल्या मला."

धाकटीने कापसाचा डबा काढला. "आण तो झगा. गादी घालते."

"ठेव तो डबा," थोरली डोळे पुसत म्हणाली. "मला जुन्या फॅशनची म्हणाल्या गं! वाकडी म्हणायचं एकीलाही सुचलं नाही."