आधी दाबा, मग उचला

डॉक्टरबाई गेल्याचे कळले, त्या दिवशी मी रुग्णवाहिका केंद्राच्या वर्गात फरशीवर पडून होतो. मित्रांनो, घाबरू नका. पडून राहणे हेच माझे काम. मी एक जुना रबरी पुतळा आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे लोक माझ्यावर शिकतात.

चालक आणि मदतनीस बाईंची वाट बघत होते. "पाहुणेबुवा, आज तुमची मजा आहे. बाईंना उशीर झालाय," मिशाळ चालक मला म्हणाला. पाहुण्यासारखा मी सदा आडवा, म्हणून हे नाव. तेवढ्यात केंद्रप्रमुख दारात आले.

"उठा. वर्ग नाही. बाई गेल्या."



माझा जन्म कारखान्यातला. साच्यात रबर ओतले, छातीत स्प्रिंग आणि एक दिवा बसवला. छाती नीट दाबली की दिवा हिरवा लागतो, हात थांबले की विझतो. तो कोणाची भीड ठेवत नाही.

बाई आपत्कालीन विभागाच्या डॉक्टर. रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्या रुग्णवाहिकेत बसून घरोघरी गेल्या आणि त्यांना एक चूक दिसली. माणूस वरच्या मजल्यावर कोसळलेला असतो. नातेवाईक ओरडतात, "बघत काय बसलात? उचला, उचला!" कर्मचारी लगेच स्ट्रेचर उचलतात. ते धरण्यातच सगळे हात गुंततात आणि जिना संपेपर्यंत छातीवर एकही हात नसतो.

बाईंनी मला स्ट्रेचरवर घालून जिन्यावरून खाली आणायला लावले. माझा दिवा वरच्या पायरीवर विझला, तो मला गाडीत ठेवून पुन्हा दाबल्यावरच लागला. तेव्हापासून त्यांचा एकच हेका. "जिथे पडला तिथेच आधी दाबा. मग उचला."

मोठ्या डॉक्टरांच्या सभेत एक जण हसला. "बाहुलीवरून माणसाचं काय कळणार?"

बाई म्हणाल्या, "बाहुलीजवळ कोणी रडत नाही, ओरडत नाही, तरी तुमचे हात थांबतात. माणसाजवळ काय होत असेल?"

पुढे त्यांचे कौतुक झाले. माझाही फोटो निघाला. पण हा धडा आमच्या केंद्रापुरताच राहिला. पुलापलीकडच्या केंद्राचे साहेब म्हणत, "आमच्या लोकांना उचलता येतं. शिकवायला कोणी नको."

बाई पुलापलीकडेच कोसळल्या, बहिणीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. त्यांचे यजमान शिंपी आहेत. रोज जेवताना हेच ऐकलेले, म्हणून ते लगेच छाती दाबू लागले. त्याच केंद्राची गाडी आली. कर्मचारी म्हणाले, "काका, बाजूला व्हा, वेळ घालवू नका." काका ओरडले, "अरे, इथंच दाबा!" त्यांना दंडाला धरून दूर केले आणि स्ट्रेचर जिन्याकडे निघाले.

छाती दाबत राहिले असते तर बाई वाचल्या असत्या, असे मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण त्यांच्या छातीवर हात हवे होते, एवढे मी ठणकावून सांगतो.

त्यानंतर वर्ग बंद पडला. खोलीत टायर भरले आणि माझ्या अंगावरही रचले. माझी मान फाटली. मला भंगारात काढायचे ठरले, तेव्हा काका बाईंचे सामान न्यायला आले.

"हा फाटलाय, काका. नेऊन काय करणार?" प्रमुखांनी विचारले.

"शिवीन. तोच धंदा आहे माझा."

"बाई गेल्या, काम संपलं. आता कशाला त्रास करून घेता?"

"ती गेली. काम कुठं संपलंय?" काकांनी मला खांद्यावर टाकले. मिशाळने टायर लाथेने बाजूला सारून वाट करून दिली.

काकांनी माझी मान जाड दोऱ्याने शिवली. आता ते मला इमारतीच्या जिन्यात मांडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवतात. दूधवाला म्हणतो, "काका, दूध नासेल हो!" काका म्हणतात, "नासू दे. दाब."

मित्रांनो, मला पुसूनबिसून कपाटात ठेवू नका. माझ्यावर दाबून दाबून मला झिजवा. कोणी कोसळले, हाक मारून उठत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. रुग्णवाहिका बोलवा, मोठ्यांना हाका मारा. छातीच्या मधोमध जोराने, भरभर दाबायला सांगा. दमले तर दुसऱ्याला बसवा. कोणी "उचला" म्हणून दरडावले तरी हात थांबवू देऊ नका. तुम्ही लहान आहात म्हणून गप्प बसू नका.

दर सोमवारी काका मला घेऊन पुलापलीकडच्या केंद्राच्या फाटकाशी जातात. पहारेकरी म्हणतो, "साहेब भेटणार नाहीत." काका म्हणतात, "पुढच्या सोमवारी येतो."

त्या केंद्रातल्या एकाही माणसाचे हात अजून माझ्या छातीवर पडलेले नाहीत.