सोनेरी पट्टीचं कार्ड

"या हॉलमध्ये एकालाही धड बोलता येत नाही," ओरेस्ट कुरकुरला. "सगळे आपले तोंडातल्या तोंडात. घास गिळायचा राहिल्यासारखे."

कुरकुरला ते त्याच्या हिशेबानं. प्रत्यक्षात शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. त्याच्या बायकोनं, स्टेफानं, त्याच्या कोटाची बाही हलकेच ओढली आणि सगळ्यांकडे बघून हसली. हे हसू तिला हल्ली फार वापरावं लागे. एखाद्या दिवशी झिजून जाईल असं वाटे.

एप्रिलमध्ये कॅनडातल्या डॉफिन गावच्या कर्लिंग रिंकमधला, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या हॉलमधला, बर्फ काढला की तिथे हौसेनं घरून बिनतारी संदेश पाठवणाऱ्या हॅम रेडिओवाल्यांचा जुना बाजार भरतो. बायकांच्या काउंटरवरून कांद्यात परतलेल्या पेरोगींचा, बटाटा भरलेल्या करंज्यांचा, वास येत होता आणि पुरुष मंडळी एकमेकांचं भंगार भक्तिभावानं हाताळत होती. ओरेस्ट आणि स्टेफा आले होते ते एका कार्डासाठी. ते खोचून ओरेस्टच्या हातसंगणकाला तारेशिवाय इंटरनेट जोडायचं होतं. चष्म्याच्या डबीहून थोडं मोठं, उघडलं की आत चिमुकला कीबोर्ड असलेलं ते यंत्र. रेल्वेच्या सिग्नल खात्यात असताना त्याला मिळालं होतं आणि निवृत्त झाल्यावर खात्यानं परत मागितलं नव्हतं.

"हवामान बघायला, हॉकीचा स्कोअर बघायला," असं स्टेफानं त्याला सांगितलं होतं. खरं कारण ओरेस्ट सोडून सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं.

गेली कित्येक वर्षं रोज सकाळी ओरेस्ट रेडिओवरून हजेरी घ्यायचा. आडगावातली, बहुतेक एकेकटी राहणारी म्हातारी माणसं. हा एकेकाला नावानं हाक मारायचा, ते "आहे रे बाबा" म्हणायचे, कुणी गुडघ्याचं सांगायचं, कुणी कोल्ह्याचं. कुणाचं उत्तर आलं नाही तर हा शेजाऱ्याला फोन करायचा, जा रे जरा डोकावून ये म्हणून. या हजेरीनं दोघांचा जीव वाचवला होता. आणि ओरेस्टचाही, रोज थोडाथोडा. निवृत्त माणसाला सकाळी दाढी करायला काहीतरी निमित्त लागतं.

पण दोनेक वर्षांपासून त्याचे कान गेले होते. रेडिओचा आवाज एवढा मोठा असायचा की स्वयंपाकघरातल्या बश्या किणकिणायच्या, तरी ऐकू येत नसे. कानाच्या यंत्राचं माहितीपत्रक स्टेफानं टेबलावर ठेवलं, त्यावर त्यानं कॉफीचा मग ठेवला. विषय संपला. मग बाकीच्यांनीच सांभाळून घ्यायला सुरुवात केली. तेच तेच तीनदा बोलायचे, एकमेकांचे निरोप पुढे सरकवायचे.

फेब्रुवारीत जो मेल्निक स्वयंपाकघरात पडला. वायर ओढून त्यानं माइक खाली घेतला आणि जमिनीवरूनच म्हणाला, "ओरेस्ट, मी पडलोय. पाय हलत नाही."

"मस्त, जो! दिवस छान जावो!" ओरेस्ट उत्साहानं म्हणाला. "चला, पुढे. लोरेन?"

लोरेननं रेडिओ तसाच टाकून जोच्या शेजाऱ्यांना फोन लावला, म्हणून निभावलं. जो आता काठी घेऊन चालतो. ओरेस्टला काही कळू द्यायचं नाही, ही ताकीदही त्याचीच. "तो हजेरी सोडून देईल," जो म्हणाला होता. "मग मला सकाळी हाक कोण मारणार?"

म्हणून हा घाट. हजेरीत कुणीही जे बोलेल ते लोरेननं घरी बसून टाइप करायचं आणि ते माइकशेजारी, ओरेस्टच्या पडद्यावर उमटायचं. मोठा संगणक त्यानं रेडिओजवळ कधीच येऊ दिला नसता. संगणकानं रेडिओत खरखर होते, म्हणायचा. या छोट्यावर मात्र त्याचा जीव.

कार्डांचं टेबल विल्फचं होतं. विल्फ लोरेनचा नवरा, म्हणजे कटातलाच; लोरेनही त्याच्या शेजारी बसली होती. विल्फनं टेबलावर वायरलेस इंटरनेटचा डबा आणि स्वतःचा लॅपटॉप मांडून ठेवला होता, कार्ड तिथल्या तिथे लावून बघता यावं म्हणून. ओरेस्टनं सगळी कार्डं उलटीसुलटी करून बघितली आणि एक उचललं. चकचकीत, कडेला सोनेरी पट्टी, वर अँटेना लावायला बारीकसं भोक.

"हे."

"ते नको," विल्फ म्हणाला. "ते नव्या लॅपटॉपचं आहे."

"बाहेरून अँटेना लावता येते याला!"

"अरे, डबा तुझ्या त्याच खोलीत असणार आहे. हातभर लांब! अँटेना कशाला?"

"घराच्या छपरावर लावीन मी अँटेना," ओरेस्ट प्रसन्नपणे म्हणाला.

स्टेफाला हसू आवरेना. हॅमवाल्या माणसाला अँटेनाचं भोक दिसलं की त्याला दुसरं काही दिसत नाही. लग्नाआधी तिच्या वडिलांच्या छपरावरही हा असाच चढला होता, मुलगी राहिली बाजूला.

विल्फ पुन्हा म्हणाला, "सोनेरी पट्टीचं तुझ्या यंत्रात जाणारच नाही." ओरेस्टनं मान डोलावली आणि पाकीट काढलं. विल्फनं स्टेफाकडे बघितलं. ओरडून सांगायचं तर सगळ्या रिंकला ऐकू जाणार.

स्टेफानं ओरेस्टच्या हातून कार्ड घेतलं आणि यंत्राच्या फटीत सरकवायला गेली. अर्ध्यावर अडलं. तिनं ते त्यालाच दिलं. त्यानंही ढकललं, फुंकर मारून ढकललं, आणि शेवटी मारून मुटकून उपयोग नाही हे त्याला मान्य झालं.

मग तिनं टेबलाच्या कोपऱ्यातलं एक जुनं, साधं कार्ड उचललं. बिनपट्टीचं, टोकाला काळं टेंगूळ. ते अलगद आत गेलं, टिक् झालं आणि टेंगळावर हिरवा दिवा लागला.

"हळू असणार हे," ओरेस्ट म्हणाला.

"तूही काही फार पळत नाहीस," स्टेफा म्हणाली, पण त्याच्या पाठीमागून. मग तिनं पुढे येऊन त्याच्या गालावर हात ठेवला.

विल्फनं बटणं दाबली, जुन्या यंत्राला जमेल अशी पासवर्डच्या कुलपाची साधी पद्धत डब्याला लावली आणि लॅपटॉप लोरेनकडे सरकवला. तिनं टाइप केलं. ओरेस्टच्या पडद्यावर अक्षरं उमटली: सुप्रभात ओरेस्ट, लोरेन बोलतेय. वाचता आलं तर हात वर कर.

ओरेस्टनं शाळकरी पोरासारखा हात वर केला. तोंडभर हसला. मग त्यानं मान वर केली. लोरेन टेबलाच्या पलीकडे बसली होती, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ.

त्याचा हात हळूहळू खाली आला.

"तू समोर बसलीयस," तो म्हणाला. "मग लिहून का सांगतेस?"

लोरेन कीबोर्डकडे बघत राहिली. विल्फला एकाएकी वायर गुंडाळायची आठवण झाली. ओरेस्टनं एकेकाचा चेहरा बघितला, सकाळी एकेकाचं नाव घेतो तसा, आणि शेवटी बायकोकडे वळला.

"स्टेफा?"

तिला ते नेहमीचं हसू सापडेना. तिनं त्याच्या हातातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. ती टाइप करू शकली असती. सोपं गेलं असतं. पण तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आपले ओठ त्याला नीट दिसतील असा, आणि मोठ्यानं, सगळ्या रिंकसमोर म्हणाली,

"जो पडला होता, ओरेस्ट. फेब्रुवारीत. त्यानं तुला सांगितलं आणि तू त्याला 'मस्त' म्हणालास. तुला ऐकू येत नाही रे राजा. तुला ऐकूच येत नाही."